सीट कोण खाली करतं?

सायकलची सीट रोज दोन बोटं खाली जात होती, आणि ती कोण खाली करतं हे मला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवलेला माणूस मी. पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडत नाही. पुरावा आला, तोंड उघडलं, आणि सून बॅग भरून माहेरी निघून गेली. एका सीटपायी! ऐकणाऱ्याला हसू येईल. मला तेव्हा आलं नव्हतं, आणि आताही येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर अकोल्याचं घर बंद करून मी अमरावतीला मुलाकडे राहायला आलो. मुलाकडे म्हणायचं आपलं. तो बँकेत, नेमणूक धारणीला. शनिवारी संध्याकाळी मेळघाटातला घाट उतरून येतो, सोमवारी पहाटे परत जातो. बाकी आठवडा घरात आम्ही दोघंच, मी आणि सून. ती एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. सकाळी आठ ते बारा एक बॅच, दुपारी चार ते सात दुसरी. माहेर परतवाड्याचं. वडील शेवंती, झेंडू, वांगी लावतात आणि बाजारात नेऊन विकतात. लग्न दोघांनी आपल्या मर्जीनं ठरवलं होतं. मी विरोध केला नाही, आनंदही केला नाही. नोटीस घेऊन उत्तर न देणारे पक्षकार असतात ना, तसा गप्प बसलो. ती मला बाबा म्हणायची, वेळेवर जेवायला वाढायची, आणि दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे "भाजीत मीठ बरोबर आहे का" आणि "आहे" एवढंच.

माझे टोंगळे, म्हणजे गुडघे, गेलेले. हाडाच्या डॉक्टरनं फोटो पाहिला आणि म्हणाला, चालणं कमी करा, सायकल चालवा, पण जोर लावायचा नाही. जोर न लावता सायकल कशी चालवायची हे विचारायच्या आत मुलानं बॅटरीवाली सायकल आणून दारात उभी केली. मला ती पाहताक्षणी पटली नाही. ना धड सायकल, ना धड फटफटी. बॅटरी दांड्याच्या पोटात लपवलेली, मोटर मागच्या चाकात लपवलेली. जे वाहन आपलं इंजिन लपवतं त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? वर मुलगा म्हणतो, "बाबा, रोज सकाळी तासभर फिरून येत जा." काहून बुवा? सकाळचा तासभर मी घरात कोणाला नको असतो? हेही माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

मुलगा धारणीला निघून गेला आणि सायकल माझ्या मापाची करून घ्यायचं काम सुनेवर पडलं. चौकात एक मिस्त्री आहे, बापजाद्यांपासून सायकलचं दुकान, आता बॅटरीच्याही करतो. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कापड फाडायच्या आधी शिंपी पाहतो तसं.

"काकाजी, रोज पायात जे घालसान तेच घालून बसा."

मी चपला घालून गेलो होतो. परत घरी जाऊन बूट घालून आलो. सुनेनं हँडल धरलं, मी वर चढलो.

"आता टाच पॅडलवर ठेवा. पॅडल पार खाली येऊ द्या. पाय सरळ झाला का?"

"नाही."

त्यानं सीटखालची कळ उघडली, सीट वर ओढली, कळ दाबली. पुन्हा टाच, पुन्हा पाय. असं चार वेळा. मग म्हणाला, टाच ठेवून पाय सरळ झाला म्हणजे चवड्यानं चालवताना टोंगळा जरासाच वाकतो, आणि तुमच्या टोंगळ्याला तेवढंच वाकणं झेपतं. सीट थोडी पुढं सरकवली, तिचं नाक सपाट केलं. पाठ वाकू नये म्हणून हँडल वर घेतलं. माझी बोटं सकाळी आखडलेली असतात हे सुनेनं त्याला सांगितलं, तेव्हा स्क्रू फिरवून ब्रेकचे दांडे बोटांजवळ आणले. माझी बोटं आखडतात हे तिला कसं कळलं? मी तर कधी बोललो नव्हतो. पाळत ठेवते की काय!

एवढं सगळं झाल्यावर मी खाली पाहिलं. "माझे पाय जमिनीला टेकत नाहीत."

"एका पायाचा चवडा टेकते ना? मंग झालं."

"दोन्ही टेकले पाहिजेत. पूर्ण."

"मंग सीट लय खाली घ्या लागन, काकाजी. दोन्ही पाय टेकवून बसाचं असंन तर खुर्ची आना घरी," आणि हसला मेला. "टोंगळे वाचवाचे का पाय टेकवाचे, ते तुमी ठरवा."

सून हँडल धरून उभी होती, माझ्या तोंडाकडे पाहत. तिच्यासमोर मी काय ठरवणार? म्हणालो, "असू दे वरच." मिस्त्रीनं खणातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि सीटच्या नळीवर, कळीच्या अगदी वर, एक रेघ मारली. "हे रेघ दिसली म्हंजे सीट बरोबर. रेघ आत गेली म्हंजे सीट खाली गेली. चढतानी ब्रेक दाबून धरा, ब्रेक दाबला का मोटर बंद रायते. अन् या चाकाच्या चकतीले तेल लावू नका, नाई तं ब्रेक लागनार नाई." मी शब्दन् शब्द लक्षात ठेवला. ती माझी जुनी सवय.

रोज साडेसहाला निघायचं, वडाळी तलावापर्यंत जायचं, साडेसातला परत. पॅडल मारलं की मागून कोणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं आणि मी दचकून मागे पाहायचो. गतिरोधकापाशी थांबायचं म्हटलं की पाय जमीन शोधायचा आणि जमीन उशिरा सापडायची. मी भीत नव्हतो. सावध होतो. दोन्हींत फरक आहे.

असे पंधरा दिवस गेले आणि खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी लोखंडाला तेल पाजायची रीत आहे. माझे वडील अडकित्त्यापासून विळ्यापर्यंत सगळं बाहेर काढायचे. सायकलची तर सीट नळीसकट उपटून काढायचे, पुसायचे, तेलानं माखायचे आणि पुन्हा बसवायचे. गंज धरला की नळी आतच अडकून बसते, मग घण मारून निघत नाही, हे त्यांचं म्हणणं. मीही चाळीस वर्षं माझ्या सायकलीचं तेच केलं. तेव्हा यंदा या बॅटरीवालीचंही केलं. सून क्लासला गेली होती. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात तेलाची लहान बाटली अजून आहे, अर्धी भरलेली. त्यातलं तेल नळीला वरून खालपर्यंत लावलं. चकतीला थेंब लागू दिला नाही. रेघ पाहून सीट जागच्या जागी बसवली, हळदकुंकू वाहिलं, आणि सुनेच्या बापाच्या वावरातला झेंडू हँडलला बांधला. दुपारी ती आली, सायकल पाहून म्हणाली, "छान दिसून राहिली, बाबा." मी हूं म्हणालो.

दसरा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. दुपारची झोप आटोपून, चार वाजता, मी सायकल पुसायला ओसरीत आलो. सून नुकतीच क्लासला गेली होती. फडकं फिरवता फिरवता हात थांबला. रेघ नव्हती. सीट दोन बोटं खाली.

सकाळी निघालो तेव्हा रेघ होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. चार वाजता नाही. मधल्या वेळात घरात कोण? बारा ते चार सून. मी एक ते साडेतीन झोपलेला. सुनेची उंची माझ्याहून वीतभर कमी. सांगा, कोर्टात एवढ्यावर काय निकाल लागला असता?

मी सीट वर केली नाही. पुरावा जागचा हलवायचा नसतो. तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पाहतो तर रेघ जागेवर! सीट वर! म्हणजे दुपारी घेऊन जायची आणि मी उठायच्या आत गुपचूप होती तशी करून ठेवायची. वा रे वा! आता मला राग सायकल नेण्याचा नव्हता. मागितली असती तर दिली असती. चोरून काहून? आणि जाते कुठं? चार तासांत जाऊन येते, ते कोणाकडे?

एकदा संशय डोक्यात शिरला की मग सगळंच दिसायला लागतं. ती फोनवर बोलताना मी आलो की आवाज खाली व्हायचा. बॅटरीची एक काडी कमी दिसायची. (मी स्वतःच तलावापर्यंत जाऊन आलो होतो, त्यानं ती कमी झाली असेल, हे काही मी धरलं नाही.) एक दिवस झोपेचं सोंग घेऊन पडलो, कान दाराकडे. सून समोरच्या खोलीत तीन वाजेपर्यंत पेपर तपासत बसली, कुठं गेली नाही. मी काय निष्कर्ष काढला? मी जागा आहे हे तिला कळलं होतं.

मग सापळा लावला. सकाळी फिरून आल्याबरोबर, आंघोळीला जायच्या आधी, मशीनचा पांढरा धागा मागच्या चाकाच्या आऱ्यापासून स्टँडला बांधला. सायकल हलली की धागा तुटलाच पाहिजे. चार वाजता पाहिलं. धागा शाबूत, आणि रेघ आत! कोणीही शहाणा माणूस तिथं थांबला असता, डोकं खाजवलं असतं. मी म्हणालो, बाई हुशार आहे. गाठ सोडली, काम झाल्यावर हुबेहूब तशीच परत बांधली. गणिताची आहे ना.

शेवटी एका पहाटे मी गजर न लावता साडेपाचला उठलो आणि अनवाणी ओसरीच्या दारापाशी येऊन उभा राहिलो. सून सायकलजवळ वाकली होती. एका हातानं कळ उघडलेली, दुसऱ्या हातानं सीट वर ओढत होती. रंगेहाथ!

"काय करून राहिली?"

ती दचकली. "काही नाही, बाबा."

"सीट कोण खाली करतं रोज?"

तिचा हात सीटवरच.

"सायकल तू नेतेस का?"

"नाही."

"मग हात कशाला लावते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. ही गप्प राहण्याची तऱ्हा मी हजार वेळा पाहिली आहे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. जाब देता येत नाही तेव्हा माणूस असाच गप्प होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "या घरात चोरून काही करायची रीत नाही. तुमच्याकडं असेल."

तुमच्याकडं. तो शब्द तोंडातून निघाला आणि मला ऐकू आला. तिचा चेहरा लाल झाला, कानांपर्यंत. तिनं सीट रेघेपर्यंत वर घेतली, कळ नीट दाबून बंद केली आणि आत गेली. पोळ्या केल्या, भाजी केली, क्लासला फोन करून चार दिवसांची सुट्टी मागितली. जाताना म्हणाली, "बाबा, दोन वेळचं करून ठेवलं आहे. संध्याकाळचं तेवढं गरम करून घ्या." परतवाड्याची बस दहाला असते. मी पेपर वाचत बसलो होतो. मान वर केली नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्यानं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, या शनिवारी मी परतवाड्यालाच उतरतो." धारणीची बस परतवाड्यावरूनच येते. उतरला तर उतरला, मी म्हणालो. फोन ठेवल्यावर घर एवढं मोठं वाटलं की मी उगाच स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली. रेघ जागेवर होती. आदल्या दिवशी मी निघालोच नव्हतो. तलावापर्यंत गेलो, आलो. आंघोळ, पूजा, रात्रीची उरलेली भाजी. झोपलो. चार वाजता ओसरीत आलो आणि उभाच राहिलो.

रेघ आत. सीट दोन बोटं खाली.

घरात मी एकटा. फाटकाला आतून कुलूप. किल्ली माझ्या कडोसरीला. पहिलं काय मनात यावं? शेजारी! भिंतीवरून उडी मारून कोणी येत असेल. शेजारी साठीचा, पोट सुटलेलं, त्याला जिना चढवत नाही, आणि मी त्याच्यावर भिंतीवरून उडीचा आळ घेऊन बसलो होतो मनातल्या मनात. मग दूधवाला. मग मीटर पाहायला येतो तो. यादी संपली. ओसरीत सायकल आणि मी, दोघंच उरलो.

मी कळ उघडली, सीट रेघेपर्यंत घेतली, कळ दाबली. भिंतीला हात टेकून वर चढून बसलो. काही झालं नाही. जरा हललो, जसा रस्त्यावर खड्ड्यातून जाताना हलतो. पुन्हा हललो. उतरलो आणि वाकून पाहिलं. रेघ अर्धी आत गेली होती. माझ्याच बुडाखाली. इतके दिवस, रोज तलावापर्यंत जाता-येता, मीच ती सीट बसून बसून खाली नेत होतो, आणि उतरल्यावर कधी पाहिलं नव्हतं. उतरलो की सरळ आंघोळीला. साक्षीदाराला जो प्रश्न मी सगळ्यात आधी विचारायचो, शेवटचं कधी पाहिलं, तो मी स्वतःला विचारलाच नव्हता.

आणि रोज सकाळी ती वर कोण करत होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सायकल हातानं ढकलत मिस्त्रीकडे नेली. चालवत नेण्याची हिंमत झाली नाही. त्यानं कळ उघडून नळी उपसून बाहेर काढली, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"काकाजी, हे तं मशीनचं तेल हाय. नळीले कोनं लावलं?"

"मी."

"काहून?"

"खंडेनवमी होती."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "जुन्या सायकलले नट असते, पान्यानं आवळते, थे तेल लावलं तरी धरते. हे हाताची कळ. कोरड्या नळीवरच पकड रायते. आतून-बाहेरून तेल, मंग मानूस बसला का घसरनच. एखाद दिवशी एकदम खाली बसली असती तं पडले असते ना तुमी!" पेट्रोलचं फडकं घेऊन त्यानं नळी पुसली, आतला भाग पुसला, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसलं. कळीचा स्क्रू एक फेरा आवळला. "आता बसा." मी बसलो, हललो. रेघ हलली नाही.

चकतीला तेल लावू नका, असं तो म्हणाला होता. नळीचं काही बोलला नव्हता. घरी येताना हा मुद्दा मी दोनदा मनात मांडून पाहिला. तिसऱ्यांदा मांडवला नाही.

शनिवारी सकाळच्या बसनं परतवाड्याला गेलो. मुलगा संध्याकाळी तिथं उतरायच्या आत मला पोचायचं होतं. त्यांचं घर गावाच्या टोकाला. अंगणात शेवंतीचा ढीग, सुनेचे आईवडील दोन बाजूंनी बसून हार ओवत होते. मला पाहून वडील ताडकन उठले, हात धोतराला पुसले.

"या, या, वकीलसाहेब! अवं, खुर्ची आन, पानी आन!"

खुर्ची आली, तिच्यावर चादर आली, पाणी आलं, पोह्यांची फोडणी पडल्याचा वास आला. एवढं आगतस्वागत कशासाठी? माझ्या मनात पुन्हा तेच. हे लोक मला गोडीनं मारून राहिले. एकदाचं बोला, शिव्या द्या, मोकळे व्हा. तेवढ्यात वडील म्हणाले, "पोरगी म्हने, क्लासले सुट्टी हाय, अन् बाबाच म्हनले जाऊन ये चार दिवस. लय बरं केलं बावा तुमी. दिवाळीच्या हारायले हात पाह्यजेच होते."

तिनं घरी सांगितलंच नव्हतं!

सून दारात उभी होती, हातात ताट. सुटायची वाट सरळ समोर होती. पोहे खायचे, इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या, चार वाजता दोघांनी मिळून बस धरायची. कोणाला काही कळलं नसतं. माझ्यातल्या वकिलानं तो सल्ला दिलाही. मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही. कोर्टात सांगताना उभंच राहतात म्हणून असेल.

"मी जा म्हणालो नव्हतो," मी म्हणालो. "मी हिला चोर म्हणालो. आणि तुमच्याकडं चोरीची रीत असेल असं म्हणालो. ती खोटी गोष्ट आहे. मी तो शब्द परत घेतो. तुमच्यासमोर."

वडिलांच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली पाहून फुलं सारखी करायला लागले. मग सूनच पुढं आली, ताट तिपाईवर ठेवून म्हणाली, "पण मग सीट खाली कोन करत होतं, बाबा?"

"मीच. बसून बसून." आणि तेलाचं सांगितलं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हंजे तुमी मुद्दाम नव्हते करत?"

"मुद्दाम? मी काहून करू मुद्दाम?"

"दुकानात तुमी म्हनले होते ना, दोन्ही पाय टेकले पाह्यजे. मला वाटलं, चालवून आले का तुमी कोनाला न सांगता सीट खाली करून घेता. अन् खाली ठेवली तर टोंगळे जातीन. म्हनून मी पायटे उठून वर करून ठेवत होती. रेघेपर्यंत."

"मग मी विचारलं तेव्हा सांगायचं ना, बाई! एवढं बोललो मी तुला!"

"काय सांगू?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. डोळे भरून आले होते आणि राग अजून गेला नव्हता, आणि तो जायचं काही कारणही नव्हतं. "तोंडावर म्हनू का, बाबा, तुमाले भेव लागते म्हनून?"

चार दिवस ती आपल्या आईबापापासून हे लपवून होती. त्या पहाटे माझे शब्द तिनं ऐकून घेतले, आणि ज्या एका वाक्यात सुटली असती ते वाक्य ती बोलली नाही. का, तर म्हाताऱ्याची लाज राहावी. आणि मी त्या गप्प राहण्यावरून निकाल देऊन मोकळा झालो होतो.

"लागते," मी म्हणालो. "भेव लागते मले. पडलो तर उचलायला कोन आहे, असं वाटते रोज."

हे मी माझ्या बायकोलाही कधी बोललो नव्हतो. सुनेची आई मागून म्हणाली, "पोहे खाऊन घ्या, भाऊ," आणि मी खाली बसलो. खाल्ले. तिखट होते.

मुलगा संध्याकाळी तिथंच उतरला. मला पाहून त्याला काय वाटलं देव जाणे. रविवारी आम्ही तिघं एकाच बसनं अमरावतीला आलो. आल्या आल्या मी सुनेला घेऊन मिस्त्रीकडे गेलो आणि त्याला सगळं सरळ सांगितलं, भेव लागते तेही. तो म्हणाला, तसं आधीच सांगाचं ना, काकाजी. त्यानं सीट दोन बोटं खाली घेतली, दोन्ही पायांचे चवडे टेकतील इतकी, आणि म्हणाला, महिनाभर अशीच चालवा, जास्त लांब जाऊ नका, मग हळूहळू अर्धं अर्धं बोट वर घ्या. पाय आपोआप शिकतात.

अर्धं बोट वर घ्यायचं, म्हणजे मला कळणार. आणि कळलं की मी पुन्हा भिणार. घरी येताना मी सुनेला म्हणालो, "वर तू करत जा. पण मला सांगू नको, कधी केली ते."

"चोरून?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. आणि ती हसली. ते हसणं मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून रेघ कुठं आहे ते मी पाहत नाही. कधीतरी एखाद्या पहाटे, अजून पुरतं उजाडलेलं नसतं, आणि ओसरीत कळ उघडल्याचा आवाज येतो. खट. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा खट. मी जागा असतो. उठून पाहायला जात नाही, कूस बदलतो आणि साडेसहाचा गजर होईपर्यंत पडून राहतो.